पोटातल्या बाळाचा रिपोर्ट, पण आईला कोण सांगणार?

पेपरात अधूनमधून एक बातमी येते. चोवीस आठवडे उलटून गेलेली एक गरोदर बाई गर्भपाताची परवानगी मागायला हायकोर्टात गेली. कारण काय, तर सोनोग्राफीत बाळाच्या डोक्यात किंवा हृदयात मोठा दोष दिसला. बातमी असते चार ओळींची. पण ती वाचून बायकांमध्ये जो प्रश्न निघतो तो अगदी ठरलेला. "अगं, पण सातवा-आठवा महिना लागेपर्यंत ही माणसं करत काय होती?"

हा प्रश्न मी बचत गटाच्या बैठकीत ऐकलाय, हळदीकुंकवाला ऐकलाय, शाळेतल्या बाईंच्या तोंडूनही ऐकलाय. वरवर बरोबर वाटतो. पण खरी गोष्ट अशी की काही दोष तोपर्यंत दिसतच नाहीत, आणि काही तर तोपर्यंत झालेलेच नसतात. पोटातल्या बाळाच्या मेंदूत होणारा रक्तस्राव हा या दुसऱ्या प्रकारातला. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी अगदी स्वच्छ, डॉक्टर म्हणाले "सगळं छान आहे", पेढे वाटून झाले, आणि तीसाव्या आठवड्यात त्याच बाळाच्या डोक्यात रक्त साकळलेलं दिसतं. यात आई-बापाने हयगय केली असं काहीच नसतं.

आपल्या महाराष्ट्रात या उशिरा कळण्याची मोठी चर्चा पहिल्यांदा झाली ती २००८ मध्ये. मुंबईकडचं मेहता दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार मुंबई हायकोर्टात गेले होते. बाळाच्या हृदयातला दोष चोविसाव्या आठवड्यात कळला होता आणि तेव्हाचा १९७१ चा कायदा वीस आठवड्यांवर थांबत होता. ४ ऑगस्ट २००८ ला कोर्टाने परवानगी नाकारली. पुढे त्याच महिन्यात त्या बाईंचा गर्भ आपोआपच गेला. त्या वेळी टीव्हीवर किती चर्चा रंगल्या ते अनेकींना आठवत असेल. त्यानंतर जानेवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्याच एका बाईला चोविसाव्या आठवड्यात परवानगी दिली. त्या बाळाची कवटी तयारच झालेली नव्हती. अशी प्रकरणं वाढत गेली, आणि २०२१ मध्ये कायदा बदलला. जानेवारी २०२३ मध्ये तर मुंबई हायकोर्टाने बत्तिसाव्या आठवड्यातल्या बाईला परवानगी दिली. तिच्या बाळाच्या डोक्याची आणि मेंदूची वाढ नीट नव्हती, पण दिवस फार पुढे गेले म्हणून वैद्यकीय मंडळाने नकार दिला होता. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि एस. जी. डिगे यांनी म्हटलं की निवड करण्याचा हक्क त्या बाईचा आहे, मंडळाचा नाही.

कायद्याकडे पुन्हा येऊच. आधी हे दिसतं कसं ते बघू, कारण ते समजल्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहतं.

विहिरीत वाकून हाक मारली की आवाज परत येतो. विहीर खोल असेल तर थोडा उशिरा, पाणी वर असेल तर लगेच. सोनोग्राफीचं तत्त्व एवढंच. आपल्याला ऐकूच येणार नाही असा आवाज यंत्र पोटात सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून चित्र बनवतं. पाण्याखालच्या वस्तू शोधायला हीच युक्ती वापरत होते. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ती पोटासाठी कशी वापरता येते ते जगापुढे मांडलं. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे सारखी सोनोग्राफी केली की बाळ भाजतं वगैरे जे बोललं जातं त्याला आधार नाही.

आता बाळाचा मेंदू. मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. डॉक्टर त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. डावी-उजवीकडच्या पोकळीची रुंदी ठरलेल्या जागी मोजतात आणि ती १० मिलिमीटरच्या आत असली पाहिजे. १० ते १५ च्या मधे असेल तर लक्ष ठेवायचं, १५ च्या वर गेली तर गंभीर. रिपोर्टवर हा आकडा लिहिलेला असतो. आपण मात्र रिपोर्ट हातात आला की बाळाचं वजन आणि तारीख बघतो आणि घडी घालून पिशवीत टाकतो.

या पोकळ्यांच्या कडेला एक अत्यंत नाजूक थर असतो. मेंदूच्या नव्या पेशी तिथे तयार होतात. त्यातल्या रक्तवाहिन्या इतक्या पातळ की रक्ताच्या दाबात थोडा चढउतार झाला, प्राणवायू कमी पडला, तरी फुटू शकतात. बत्तीस-चौतीस आठवड्यांच्या पुढे हा थर विरत जातो. म्हणूनच कमी दिवसांच्या, सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांच्या डोक्यात रक्तस्राव होण्याचं भय जास्त. पोटातल्या बाळाला तो होणं त्या मानाने विरळ, पण होतो, आणि झालाच तर बहुतेक वेळा सहाव्या महिन्यानंतर कळतो.

ताजं रक्त सोनोग्राफीत पांढरं, चकाकणारं दिसतं. काही आठवड्यांनी तीच गुठळी मधून काळी पडते, मग आकसते. पुष्कळदा रक्त दिसायच्या आधी त्याचा परिणामच दिसतो. गुठळीने पाण्याची वाट अडते आणि पोकळी फुगते. "बाळाच्या डोक्यात पाणी झालंय" असं जे सांगतात त्यामागे काही वेळा असा जुना रक्तस्राव असतो. सगळ्याच वेळी नाही, पाण्याची कारणं इतरही खूप आहेत.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. रक्तस्राव या शब्दाने आपल्या पोटात गोळा येतो, कारण आपण तो ऐकलेला असतो म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत. अमक्याला ब्रेन हॅमरेज झालं आणि तो गेला. पण बाळाच्या बाबतीत डॉक्टर त्याचे चार टप्पे मानतात. पहिल्यात रक्त त्या नाजूक थरापुरतंच असतं. दुसऱ्यात ते पोकळीत उतरतं पण पोकळी फुगत नाही. तिसऱ्यात फुगते. चौथ्यात प्रत्यक्ष मेंदूच्या गराला इजा होते. पहिल्या दोन टप्प्यांतली बरीच बाळं पुढे नीट वाढतात. तिसऱ्या-चौथ्यात फिट्स येणं, हातपाय ताठ होणं, बुद्धीची वाढ मागे राहणं, डोक्यात नळी बसवायचं ऑपरेशन, काही वेळा मृत्यू, हे सगळं संभवतं. तेव्हा "रक्तस्राव आहे का" हा अर्धाच प्रश्न झाला. "कुठल्या टप्प्याचा, आणि वाढतोय का" हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

पण हे टप्पे नेमके कळायला सोनोग्राफी दर वेळी पुरत नाही. आमचं पळसदेव उजनीच्या काठावर आहे. जुनं गाव धरणात गेलं, आणि पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर वर येतं. पाणी किती उतरलंय यावर देऊळ किती दिसणार ते ठरतं. सोनोग्राफीचंही असंच काहीतरी आहे. बाळाचं डोकं खाली कटीत अडकलेलं असेल, आईच्या पोटावर चरबी असेल, तर दिसायला त्रास. शिवाय दिवस भरत येतात तशी कवटी टणक होते आणि आवाज तिच्यावरच आपटून परत येतो, त्यामुळे यंत्राच्या बाजूचा अर्धा मेंदू धूसर दिसतो. अशा वेळी डॉक्टर बाळाचा एमआरआय करायला सांगतात. तो लोहचुंबकावर चालतो, त्यातही क्ष-किरण नसतात. जुनं-नवं रक्त ओळखायला तो फार उपयोगी. इंग्लंडमध्ये ५७० बाळांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मेंदूत दोषाचा संशय असलेल्या बाळांमध्ये नुसत्या सोनोग्राफीने ६८ टक्के वेळा निदान बरोबर आलं होतं, जोडीला एमआरआय केल्यावर ९३ टक्के वेळा. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवर विसंबलं तर तिघींपैकी एकीला चुकीचं किंवा अपुरं सांगितलं गेलं असतं. एवढ्या मोठ्या निर्णयासाठी हा आकडा लहान नाही.

एमआरआय म्हणजे बोगद्यासारख्या यंत्रात अर्धा-पाऊण तास पडून राहणं. आवाज खूप होतो, दुखत काही नाही. अंगावरचं सगळं धातूचं काढावं लागतं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना, परकराला लावलेली सेफ्टी पिनसुद्धा. आणि हसू नका, पण मंगळसूत्र काढायचं का नाही यावर दवाखान्याच्या दारात सासू-सुनेची बोलाचाली होऊन तपासणी तशीच राहिल्याचं मी पाहिलंय. पोटातलं नातवंड बघायचं असेल तर अर्धा तास गळा मोकळा राहिला म्हणून काही बिघडत नाही, असं त्या आजींना समजावून सांगायला तिथे कुणीतरी असायला हवं होतं.

गावापासून हे सगळं किती लांब आहे तेही बघायला हवं. सोनोग्राफी भिगवणला होते, इंदापूरला होते. बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठी सोय झाली. पण बाळाच्या मेंदूचा एमआरआय वाचू शकणारा डॉक्टर हवा तर बहुतेक वेळा पुणंच गाठावं लागतं. शंभरावर किलोमीटर, एक दिवसाची मजुरी बुडणार, सोबत कोणीतरी, आणि खासगीत काही हजारांचं बिल. मोठ्या सरकारी रुग्णालयात कमी पैशांत होतं, पण नंबर लागायला वेळ. सरकारच्या जननी शिशु सुरक्षा योजनेत २०११ पासून सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या फुकट आहेत आणि गाडीचीही सोय आहे. १०२ नंबरची गाडी त्यासाठीच आहे. हे आशाताईला विचारायचं, ती सांगते.

अंतरापेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती आपल्या एका जुन्या रीतीची. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात चोर ओटी, डोहाळजेवण, आणि मग पोरगी माहेरी. रीत चांगलीच आहे, मुलीला विसावा मिळतो, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण होतं काय, की ज्या आठवड्यांत बाळाच्या मेंदूवर लक्ष ठेवायचं त्याच आठवड्यांत डॉक्टर बदलतो. आधीची फाईल सासरी कपाटात राहते. माहेरचा डॉक्टर नव्याने सुरुवात करतो, त्याला आधीचा पोकळीचा आकडा माहीतच नसतो. आकडा ८ वरून ११ झाला ही मोठी खूण असते, पण आधीचा ८ कुणाजवळ आहे? ऊसतोडीला येणाऱ्या बायकांचं तर याहून अवघड. दिवाळीच्या आसपास त्या बीड-नगरकडून इकडच्या कारखान्यांवर येतात, पोटुशी असल्या तरी कोयता सुटत नाही, आणि पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झालीच असेल तर तिचा कागद गावाकडे पत्र्याच्या पेटीत. मुलीच्या ओटीत नारळ घालताना तिच्या पिशवीत फाईल घाला, एवढी एक रीत वाढवली तर कुणाच्या देवाधर्माला धक्का लागणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

आमच्या भागातल्या एका मुलीला एकतीसाव्या आठवड्यात बाळ कमी फिरतंय असं वाटलं, म्हणून तिला एका खासगी केंद्रात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ यंत्र फिरवलं. मग तिला "बाहेर बसा" म्हणाले आणि नवऱ्याला आत बोलावलं. नवऱ्याने आपल्या आईला सांगितलं, आईने तिच्या माहेरी फोन केला. मुलीला एवढंच कळलं की उद्या पुण्याला जायचंय. जीपमध्ये तिने पिशवीतून रिपोर्ट काढला. बारावी झालेली मुलगी, इंग्रजी अडखळत वाचते. तिला एक शब्द लागला, हॅमरेज. तिचा मामा हॅमरेजने गेलेला. तिने धरून चाललं की बाळ गेलं, आणि पोटात तर ते लाथा मारतंय! ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पुण्यात समजलं की रक्तस्राव पहिल्या टप्प्याचा आहे. दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी झाली, वाढला नाही. मूल आता अंगणात पळतं. पण त्या दोन दिवसांबद्दल ती अजून बोलत नाही.

त्या डॉक्टरांवर मी एकट्याने दोष ठेवणार नाही, कारण असं फार ठिकाणी होतं. सोनोग्राफीच्या खोलीत आपल्याकडे एक विचित्र मौन आहे. त्याला इतिहास आहे. मुली पोटातच मारल्या जाऊ लागल्या म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांच्या आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तो हवाच होता. आपल्या राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या, यावरून तो किती हवा होता ते कळतं. पण त्या कायद्याने बंदी घातली आहे ती मुलगा की मुलगी हे सांगण्याला. बाळाच्या डोक्यात, पाठीत, हृदयात काय दिसतंय हे आईला सांगू नये, असं त्यात कुठेही नाही. उलट बाळातले दोष वेळेत कळावेत यासाठीच या तपासण्यांना परवानगी ठेवलेली आहे. तरीही डॉक्टर बोलायला बिचकतात, आणि आपणही विचारायला बिचकतो. "काही विचारलं तर डॉक्टर म्हणतील हिला मुलगा-मुलगी जाणून घ्यायचंय," असं एक बाई मला म्हणाली होती. फॉर्मवर सही आपली घेतात की मला लिंग जाणून घ्यायचं नाही. सही चालते, मग उत्तर दुसऱ्याला का?

विचारायचे प्रश्न साधे आहेत. डोक्यातल्या पोकळीचा आकडा किती? मागच्या वेळी किती होता? बाळाची वाढ आठवड्यांप्रमाणे आहे का? काही शंका असेल तर पुढे कुणाला दाखवू? नवरा सोबत असावाच, त्यालाही ऐकू दे. पण मला बाहेर बसवून नको.

मौनाच्या जोडीला येतो तो दोष देणं. असं काही निघालं की घरातली यादी सुरू होते. ग्रहणात भाजी चिरली. पपई खाल्ली. गाडीवर बसून बाजारला गेली. रात्री मोबाईल पोटावर ठेवून झोपली. यातल्या एकानेही बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होत नाही. खरी कारणं वेगळी आहेत, आणि कित्येक वेळा कारण सापडतच नाही. जी माहीत आहेत त्यातली एक म्हणजे बाळाच्या प्लेटलेट्स कमी होणं. आरएच निगेटिव्ह आईला इंजेक्शन घ्यावं लागतं हे आता गावोगावी माहीत आहे. तसाच हा प्रकार, फक्त लाल पेशींऐवजी प्लेटलेट्सचा. बाळाच्या प्लेटलेट्सवर वडिलांकडून आलेली एक खूण असते, ती आईकडे नसते, आणि आईचं शरीर तिला परकी समजून बाळाच्या प्लेटलेट्स नष्ट करतं. गंमत म्हणजे आईचा स्वतःचा रिपोर्ट अगदी नॉर्मल असतो. आरएचमध्ये पहिलं बाळ सहसा सुटतं, यात पहिल्यालाही त्रास होऊ शकतो, आणि पुढच्या खेपेला तो जास्त लवकर आणि जास्त तीव्र होऊ शकतो. मात्र पुढच्या गरोदरपणात आईला ठराविक औषध सलाईनमधून देऊन बाळाला वाचवता येतं. औषध महाग आहे, पण आहे. म्हणून एका बाळाला असं झालं असेल तर "नशीब" म्हणून फाईल जाळू नका, आई-वडील दोघांचं रक्त तपासून घ्या.

हृदयाची झडप बदललेल्या बायका रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेतात. त्यातली वॉरफॅरिनसारखी गोळी वारेतून बाळापर्यंत जाते आणि बाळाचंही रक्त पातळ करते. हेपॅरिनचं इंजेक्शन बाळापर्यंत जात नाही. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हं, आईच्या जिवावर बेतेल. दिवस गेल्याचं कळताच हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावायचं. जुळ्यांपैकी एक पोटातच गेलं असेल तर दुसऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं. आईचं रक्तदाबाचं दुखणं, काही संसर्ग, काही घराण्यांत चालत आलेला रक्तवाहिन्यांचा दोष, हीही कारणं आहेत.

आणि एक कारण आहे पोटाला बसलेला मार. रोजची घरकामं, एसटीचा प्रवास, खड्डे, यांना मार म्हणत नाहीत. मार म्हणजे अपघात, उंचावरून पडणं, आणि लाथ. "पायरीवरून घसरले" असं सांगणाऱ्या सगळ्याच पायरीवरून घसरलेल्या नसतात, हे गावात काम करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. दवाखान्यात "कशाने लागलं?" हा प्रश्न नवऱ्याच्या आणि सासूच्या समोर विचारतात, मग खरं उत्तर येणार कसं? म्हणून बाईशी दोन मिनिटं एकटीशी बोलण्याची सक्ती सोनोग्राफीच्या खोलीत असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दोष द्यायचाच झाला तर पपईच्या आधी त्या लाथेला द्या.

आता कायदा. सप्टेंबर २०२१ पासून असं आहे : वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि बाळात गंभीर दोष असेल तर चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. चोवीसच्या पुढे बाळात मोठा दोष असेल तर सरकारी वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळात स्त्रीरोग, बालरोग आणि सोनोग्राफीचे तज्ज्ञ असतात, आणि अर्ज आल्यापासून तीन दिवसांत त्यांनी मत द्यायचं असतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, दवाखान्याच्या फॉर्मवर मागितली जाते ती वेगळी गोष्ट. मंडळाने नाही म्हटलं तर हायकोर्ट आहे. जानेवारी २०२३ चा निकाल म्हणूनच महत्त्वाचा.

पण रक्तस्रावाच्या बाबतीत हा रस्ता घाईने धरू नये असं मला वाटतं. हृदय किंवा कवटीचा दोष बहुतेक वेळा जसा दिसला तसाच राहतो. रक्तस्राव बदलतो. आज मोठी वाटणारी गुठळी चार आठवड्यांत विरू शकते, आणि आज लहान दिसणारा वाढूही शकतो. म्हणून पुन्हा बघणं, दुसरं मत घेणं, जमेल तर एमआरआय, एवढं झाल्याशिवाय घरच्यांनी "मोकळी हो" म्हणून तिच्या मागे लागू नये. तसंच "देवाने दिलंय ते ठेव" म्हणूनही कुणी लागू नये. चौथ्या टप्प्याचं मूल पुढे वीस वर्षं कोण उचलणार आहे? तीच. तेव्हा तिला सगळं सांगा, वेळ द्या, आणि ती म्हणेल ते ऐका.

बाळ ठेवायचं ठरलं तर बाळंतपण जिथे नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आहे तिथेच व्हावं. आठव्या महिन्याच्या आधीच कळा सुरू झाल्या तर आईला देण्याचं एक साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन आहे. त्याने बाळाची फुप्फुसं पक्की होतात आणि डोक्यातल्या रक्तस्रावाचं भयही कमी होतं. पुढे पाठवण्याआधी त्याचा पहिला डोस नर्सताईंनीही द्यावा, असं सरकारचं २०१४ पासूनचं धोरण आहे. गाडीची वाट बघत असताना ते विचारून घ्या.

जन्मल्यावर डोक्याच्या आत बघायला फार सोपी खिडकी आहे, ती म्हणजे टाळू. तिथे हाड नसतं, म्हणून तिथूनच बाळाची सोनोग्राफी होते, ना भूल ना इंजेक्शन. आपण ज्या टाळूवर तेल घालतो तीच जागा. ती फुगलेली, ताणलेली दिसली, बाळ सारखं ओकतंय, नजर खाली गेल्यासारखी वाटतेय, तर तेल घालून वाट बघायची नाही. जन्मल्या जन्मल्या मांडीत के जीवनसत्त्वाचं एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात, तेही जन्मानंतर होणारा रक्तस्राव टाळण्यासाठीच. घाईगर्दीत ते राहून जातं. कार्डावर त्याची नोंद बघा.

ज्या बाळाच्या पोटातल्या रिपोर्टमध्ये काही दिसलं होतं त्याच्या डोक्याचा घेर महिन्याच्या महिन्याला मोजून लिहून ठेवायला हवा. मुलगी असली की पुण्याच्या फेऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला थांबतात, हे मी पाहते आहे. निदान घेर तरी घरी मोजता येतो. भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवायची. शिवणकामाची चालते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून फुकट तपासणी असते, २०१६ पासून ही पद्धत आहे. पुढच्या ९ तारखेला आपल्या गल्लीतली कोण कोण जाणार आहे ते आधी विचारा, आणि तिची जुनी फाईल कुठे आहे तेही.